खाल्लेलं अंगी लागावं म्हणून

पहिला पाऊस पडून चार दिवस झाले की दादर पश्चिमेच्या भाजीबाजारात पालघर, कर्जतकडच्या बायका शेवळं घेऊन येतात. जांभळट आवरणात गुंडाळलेले ते लांबोडके कोंब जुडीने विकतात, आणि जुडीबरोबर हिरव्या, आंबट काकडांचा वाटा असतोच. नुसती शेवळं मागितली तर विकणारी बाई हात थांबवते. "काकडं घे गो, नायतर घसा धरंल." सीकेपी आणि पाठारे प्रभूंच्या घरात त्यात सोडे पडतात, पाड्यावर ती वेगळ्या तऱ्हेने होतात, पण आंबट घातल्याशिवाय शेवळं कुणी शिजवत नाही.

घसा धरतो तो कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांमुळे. अळू, सुरण आणि शेवळं ही एकाच कुळातली. तिघांच्या पेशींत या सूक्ष्म सुयांचे जुडगे असतात. जनावराने पान चावलं की त्या तोंडाला टोचतात आणि जनावर पुन्हा त्या झाडाच्या वाटेला जात नाही. आपण चिंच, आमसूल, काकडं घालून त्या झाडाशी जमवून घेतलं. अळूचं फदफदं माझं फार आवडतं आहे. पण गेली काही वर्षं ते करताना एक गोष्ट डोक्यातून जात नाही. ज्या सुया घशाला टोचतात, त्यांच्यातच त्या पानातलं बरंचसं कॅल्शियम बांधलेलं असतं. पोषणाच्या तक्त्यात अळूपुढे कॅल्शियमचा मोठा आकडा दिसतो आणि तो खोटा नसतो. प्रयोगशाळेत पान जाळून राख केली की सगळं कॅल्शियम मोजात येतं. आपलं पोट मात्र पान जाळत नाही.

पालकाचं तर हे मोजूनच झालेलं आहे. १९८८ साली अमेरिकेत रॉबर्ट हीनी, कॉनी वीव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खुणेचं, म्हणजे पुढे शरीरात वेगळं ओळखता येईल असं, कॅल्शियम देऊन पालक वाढवला, तो माणसांना खायला घातला आणि ते कॅल्शियम रक्तात किती उतरलं ते पाहिलं. पालकातलं जेमतेम ५ टक्के शोषलं गेलं. त्याच माणसांत दुधातलं २७ टक्क्यांच्या आसपास. दोन वर्षांनी त्यांनी केल हा कोबीच्या जातीतला पाला तपासला, तर त्यातलं ४० टक्के उतरलं, दुधापेक्षाही जास्त. कारण केलमध्ये ऑक्झलेट फार थोडं असतं.

केल आपल्याकडे मॉलमध्ये महाग मिळतो, त्याची गरज नाही. त्याच घराण्यातली मोहरी आहे, मुळा आहे, नवलकोल आहे, फ्लॉवर आहे. त्यांच्या पानांतही ऑक्झलेट कमीच. आणि आपल्या बाजारात त्या पानांचं काय होतं ते पाहावं. भाजीवाला मुळ्याची जुडी हातात देताना विचारतो, "पाला काढू?" आणि उत्तराची वाट न बघता पिळून तोडतो. फ्लॉवरची पानं तर गाडीवरच छाटलेली असतात. संध्याकाळी दादरच्या पुलाखाली कचऱ्याचा जो हिरवा ढीग साठतो, त्यात हाडांना सहज मिळू शकलं असतं असं कितीतरी कॅल्शियम पडलेलं असतं. मला तो ढीग बघवत नाही. मी पाला मागून घेते. मुळ्याचा पाला बारीक चिरून, मुगाची डाळ आणि लसूण घालून केलेली भाजी ज्यांनी खाल्ली नसेल त्यांनी या हिवाळ्यात जरूर करून बघावी.

मी शाळेत विज्ञान शिकवते. दर वर्षी पोषणाचा धडा येतो, दर वर्षी मुलं पाठ म्हणतात: लोह कशात, पालक, गूळ, बीट. बीट तर रंगावर निभावून नेतं. १०० ग्रॅम बिटात १ मिलिग्रॅम लोहही धड नसतं. हळिवाचं वेगळंच झालं. बाळंतिणीला आपण ज्याचे लाडू देतो त्या हळिवात १०० ग्रॅमला १०० मिलिग्रॅम लोह असं जुन्या भारतीय तक्त्यांत छापलेलं होतं. नव्याने मोजणी झाली तेव्हा तो आकडा बराच खाली आला. हळीव तरीही लोहाचा चांगला स्रोत आहे, लाडू सोडायचं कारण नाही. पण वर्गात मी आता तक्त्याच्या शेजारी फळ्यावर एक रिकामा रकाना आखते आणि विचारते, यातलं रक्तापर्यंत किती जाईल? एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग तक्ता चुकीचा आहे का?" चुकीचा नाही. तो ताटापर्यंत येऊन थांबतो, पुढचा प्रवास त्यात नाही.

खरं तर सरकारी आकड्यांत तो प्रवास दडलेला आहे, आपण बघत नाही एवढंच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे पाळी येणाऱ्या वयातल्या बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह हवं. अमेरिकेत त्याच वयाच्या बाईला १८ पुरतात. भांडुपच्या बाईचं शरीर बॉस्टनच्या बाईपेक्षा जास्त लोह वापरत नाही. तिथला हिशेब असा, की मिश्र आहारातलं साधारण १८ टक्के लोह शोषलं जाईल. आपला हिशेब असा, की पोळी-भात-डाळीच्या जेवणातलं ८ टक्क्यांच्या आसपासच. मांस-मासळीतलं लोह १५ ते ३५ टक्के उतरतं, धान्य-भाज्यांतलं २ ते २० टक्के. या २ आणि २० मधलं अंतर दहापटीचं आहे. माझं सगळं लक्ष त्या अंतराकडे आहे, कारण ते स्वयंपाकघरात कमी-जास्त होतं.

त्याआधी शरीराच्या बाजूचं थोडं सांगायला हवं. आपल्या अंगात सगळं मिळून तीन-चार ग्रॅम लोह असतं. रोज जुन्या तांबड्या पेशी मोडतात, त्यांतलं २०-२५ मिलिग्रॅम लोह शरीर पुन्हा वापरतं, आणि बाहेरून फक्त १-२ मिलिग्रॅम आत घेतं. जास्त झालेलं लोह बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही, म्हणून सगळा बंदोबस्त आत घेतानाच आहे. लहान आतड्याच्या पहिल्या भागातल्या पेशी लोह उचलतात, पण ते पुढे रक्तात सोडायचं की नाही हे यकृतातून येणारं हेप्सिडिन नावाचं संप्रेरक ठरवतं. साठा भरलेला असेल तर हेप्सिडिन वाढतं आणि लोह पेशीतच अडकून राहतं. काही दिवसांत ती पेशी झडते, लोहही तिच्याबरोबर जातं. साठा रिकामा असेल तर हेप्सिडिन उतरतं आणि तेच आतडं जास्त लोह आत सोडतं. ज्याला गरज जास्त त्याला मिळतंही जास्त, अशी ही शहाणी व्यवस्था आहे. फक्त अंगात संसर्ग असला, ताप असला, तरीही हेप्सिडिन चढतं, कारण जंतूंनाही लोह हवं असतं आणि शरीर त्यांना ते मिळू देत नाही. ज्या वस्तीत पाणी गढूळ येतं आणि मुलं सारखी आजारी पडतात, तिथे नुसता पालक खा सांगून काय होणार?

आता धान्याकडे. गहू, डाळी, वाल, तीळ, या सगळ्या बिया आहेत आणि बी आपल्या पोटासाठी तयार झालेलं नसतं. पुढे येणाऱ्या कोंबासाठी त्यात फॉस्फरसचा साठा असतो, तो फायटिक आम्लाच्या रूपात. हे आम्ल लोह, जस्त, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांना धरून ठेवतं. बी भिजलं, रुजायला लागलं, की बियाण्यातलंच फायटेज नावाचं विकर जागं होतं, ते बंध तोडतं आणि कोंबाला सगळं मोकळं मिळतं. आपल्या आतड्यात हे विकर नसल्यातच जमा आहे. न रुजलेलं बी आपण शिजवून खाल्लं तर बरीचशी खनिजं फायटेटच्या मुठीत आत जातात आणि तशीच बाहेर पडतात.

याचा परिणाम किती दूर जाऊ शकतो हे एका बिहारी डॉक्टरने दाखवलं. बक्सरला जन्मलेले, पाटण्याला शिकलेले आनंद प्रसाद १९५८ साली इराणमधल्या शिराझला गेले. तिथे त्यांच्यापुढे एकवीस वर्षांचा एक तरुण आला, जो दिसायला दहा वर्षांचा होता. वाढ खुंटलेली, वयात आलेला नाही, रक्त कमी. त्याचं खाणं म्हणजे न आंबवलेल्या पिठाची गव्हाची रोटी आणि वर माती. असे आणखी रुग्ण सापडले. १९६१ साली त्यांनी ते मांडले. नुसत्या लोहाच्या कमतरतेने वयात येणं थांबत नाही, म्हणून त्यांना जस्ताचा संशय आला, आणि पुढे इजिप्तमध्ये तशाच रुग्णांवर काम करून त्यांनी तो खरा ठरवला. गव्हात जस्त होतं. ते रोटीतल्या फायटेटने धरून ठेवलं होतं. तोवर माणसाला जस्त कमी पडू शकतं यावर कुणी विश्वास ठेवत नव्हतं. अमेरिकेने जस्ताची रोजची शिफारस ठरवली ती १९७४ साली. ही गोष्ट मी वर्गात सांगते तेव्हा मागच्या बाकावरची उंचीवरून चिडवली जाणारी पोरंही कान टवकारतात.

आपली पोळीही न आंबवलेलीच. पण आपल्याकडे पोळीच्या शेजारी आणखी खूप काही असतं, आणि त्यातलं माझ्या मते सगळ्यात मोठं म्हणजे वालाचं बिरडं.

माझी मावशी गिरगावातल्या चाळीत राहायची. श्रावणी सोमवारचं बिरडं तिच्याकडे शनिवारीच सुरू व्हायचं. कडवे वाल निवडून कोमट पाण्यात घालायचे. रविवारी सकाळी पाणी फेकून वाल फडक्यात घट्ट बांधायचे आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवायचे, कारण पावसाळी हवेत तिथे ऊब असायची. सोमवारी गाठ सोडली की तो खास कडवट, ओलसर वास खोलीभर पसरायचा. मग कोमट पाण्यात वाल टाकून सोलायला बसायचं. अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच दाबलं की डाळिंबी सालीतून सुटून बाहेर येते. जोर लावला तर तिचे दोन तुकडे होतात आणि मावशी ते वेगळे काढायला लावायची, ते आमटीत जायचे. आम्ही मुलं, शेजारच्या काकू, कुणी ना कुणी बसलेलंच असायचं. बोटं काळपट पडायची, सुरकुतायची. मग त्यावर जिरं, लसूण नाही, श्रावण म्हणून, ओलं खोबरं, गूळ, आमसूल आणि वर कोथिंबीर.

आज त्यातली एकेक पायरी मी निराळ्या डोळ्यांनी पाहते. भिजवून पाणी फेकलं त्यात फायटेटचा काही भाग गेला. बांधून ठेवले तेव्हा फायटेजला काम करायला वेळ मिळाला. साल काढली त्यात टॅनिन गेली, जी कडधान्याच्या सालीतच जास्त असतात आणि लोहाला धरून बसतात. मावशीला यातलं काही ठाऊक असायची गरज नव्हती. तिला बिरडं पोटाला जड पडू द्यायचं नव्हतं आणि कडू होऊ द्यायचं नव्हतं. नाचणीचं सत्त्वही असंच. नाचणी भिजवून, मोड आणून, सावलीत सुकवून, दळून, वस्त्रगाळ करून बाळाला देतात. १०० ग्रॅम नाचणीत ३४० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, पण फायटेट आणि टॅनिनही भरपूर; मोड आणल्याने त्यातलं अधिक बाळाच्या वाट्याला येतं. इडलीचं, घावनाचं नाही पण आंबोळीचं पीठ, आंबील, ढोकळा, सगळीकडे आंबवणं तेच काम करतं. रात्रभरात जंतू पीठ आंबट करतात आणि त्या आंबटपणात फायटेज जोमाने चालतं.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. शिजवल्याने फायटेट फारसं मोडत नाही. ते उष्णतेला दाद देत नाही. उलट त्याला तोडणारं फायटेज मात्र उष्णतेने मरतं. म्हणजे जे व्हायचं ते चुलीवर चढायच्या आधी, गार भांड्यात, तासन् तास. कुकरने तीन शिट्ट्यांत राजमा मऊ होतो आणि भिजवायचं राहून गेलं तरी निभावतं असं वाटायला लागतं. मऊ होणं वेगळं आणि त्यातलं अंगी लागणं वेगळं. कुकरला मी दोष देणार नाही. त्याने आमच्या आयांच्या आयुष्यातले कितीतरी तास वाचवले. पण भिजवण्याचा तो वेळ कुणाचा होता, आणि आता तो कुठून आणायचा, हा प्रश्न मुंबईत रोज संध्याकाळी उभा राहतो.

उत्तरही मुंबईनेच शोधलं आहे. संध्याकाळच्या लोकलच्या लेडीज डब्यात बायका मेथी निवडत असतात, वाटाणे सोलत असतात, शेंगा मोडत असतात. स्टेशनबाहेर मोड आलेले मूग, मटकी, वाल टोपलीत विकायला बसलेल्या बाया असतात. सोललेल्या डाळिंब्या पिशवीत मिळतात. कुणी म्हणतं, बाजारचे मोड कशाला, घरी आणावेत. मी म्हणते, ज्या बाईला कल्याणहून सीएसएमटीला जाऊन परत यायचं आहे तिने निःसंकोच घ्यावेत, स्वच्छ धुवावेत आणि नीट शिजवावेत. त्या टोपलीवालीने आपले दोन दिवस त्या मुगाला दिलेले असतात, आपण ते विकत घेतो, आणि ते पैसे योग्य जागी जातात.

जेवताना करायच्या गोष्टी तर आणखी सोप्या आहेत. लिंबू. क जीवनसत्त्व धान्यातल्या लोहाला शोषता येईल अशा रूपात आणतं आणि फायटेट-टॅनिनच्या तावडीतून राखतं; एका जेवणात त्याने शोषण दुप्पट-तिप्पट होऊ शकतं. पण ते उष्णतेने जातं, म्हणून पोह्यांवर लिंबू पिळायचं ते गॅस बंद करून, ताटात. जेवणासोबत पेरूची फोड, आवळ्याचा ताजा कीस, कच्च्या कोबीची कोशिंबीर. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत २०१० साली असं दिसलं, की धान्य-डाळींबरोबर कांदा किंवा लसूण असला तर लोह आणि जस्त मोकळं होण्याचं प्रमाण चांगलंच वाढतं. ते काम परीक्षानळीत पचनाची नक्कल करून झालं होतं, माणसावर नाही, हे सांगायला हवं. तरी लसणाच्या फोडणीच्या वरणाला मी त्या दिवसापासून जास्त मानाने वाढते. बिडाच्या तव्यावर किंवा लोखंडी कढईत आंबट पदार्थ शिजला तर त्यात लोह उतरतं हेही मोजलेलं आहे. जे मासळी खातात त्यांच्याकडे आणखी एक वाट आहे: वांग्यात मूठभर जवळा किंवा सुकट. जवळ्यातलं पोषण मिळतंच, शिवाय मासळीच्या सोबतीने भाजी-भाकरीतलं लोहही जास्त उतरतं. कोळीवाड्यातल्या बायका ते करतच आल्या आहेत.

आणि चहा. हे लिहायला मी सुरुवात केली ती खरं म्हणजे चहामुळे.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंना गेल्या वर्षी चक्कर यायला लागली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठच्या आत. दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळाल्या. महिने गेले, गोळ्या संपल्या, पुन्हा तपासलं, फारसा फरक नाही. ताई म्हणाल्या, "आमच्या अंगालाच लागत नाही बघा." मी विचारलं, गोळी घेता कधी?

"सकाळी. चहाबरोबर. दोन बटर खाते नि गोळी टाकते."

"चहाबरोबर का?"

"नुसत्या पाण्याने मळमळतं ओ. चहाने जरा बरं वाटतं."

चहातले पॉलिफिनॉल लोहाला धरून ठेवतात. १९७५ सालीच दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी दाखवलं होतं, की लोहाच्या क्षाराबरोबर, पावाबरोबर, भाताच्या जेवणाबरोबर चहा घेतला तर लोहाचं शोषण एकदम उतरतं. दूध घातल्याने त्यातून सुटका नाही, कारण कॅल्शियम स्वतःच लोहाच्या आड येतं. तोच चहा जेवणानंतर तासाभराने घेतला तर अडचण बरीच कमी होते. ताईंना गोळी मिळाली, ती त्यांनी नेमाने घेतली, मळमळ सोसली, आणि तिचा मोठा भाग कपातल्या चहाने अडवून ठेवला. त्यांना कुणी हे सांगितलं नव्हतं. जिथे गोळी देतात तिथे रांग असते, दोन मिनिटंही मिळत नाहीत, हे मला कळतं. पण गोळीच्या पाकिटावर 'चहाबरोबर घेऊ नये' एवढे तीन शब्द ठळक मराठीत छापायला कितीसा खर्च येतो? मला याचा राग येतो आणि तो मी गिळणार नाही.

ताईंना घेऊन मी पुन्हा डॉक्टरांकडे गेले. गोळी दुपारच्या जेवणानंतर, लिंबूपाण्याबरोबर, एक दिवसाआड, असं त्यांनी ठरवून दिलं. एक दिवसाआड का, तर एका गोळीने हेप्सिडिन चढतं आणि दुसऱ्या दिवशीच्या गोळीला आड येतं; झुरिकच्या संशोधकांनी २०१७ साली दाखवलं, की लोह कमी असलेल्या बायकांत एकाआड एक दिवस दिलेल्या गोळ्यांतून शोषण जास्त होतं. हे ज्याचं त्याने डॉक्टरांना विचारूनच करावं, कारण गरोदर बाई, खूप खाली गेलेलं रक्त, यांची गोष्ट वेगळी. ताईंचं ब जीवनसत्त्वांचंही तपासून घेतलं. रक्त कमी असण्याला प्रत्येक वेळी लोहच कारण असतं असं नाही, आणि हे जगाला शिकवणारं काम याच शहरात झालं. १९२८ साली लूसी विल्स मुंबईत आल्या, परळच्या हाफकिन संस्थेत राहून त्यांनी गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांमधल्या रक्तक्षयाचा माग काढला, आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे दाखवलं. त्यातलं जे लागू पडत होतं ते पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखलं गेलं. परळच्या पुलावरून जाताना मला त्या बायका आठवतात, ज्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत तो ४८ टक्के होता. बिरडं सोलणाऱ्या, नाचणीला मोड आणणाऱ्या, लिंबू पिळून वाढणाऱ्या हातांचं हे रक्त आहे. त्या वाढतात आधी, जेवतात शेवटी. तोवर कोशिंबीर संपलेली असते, लिंबाची सालं उरलेली असतात, आणि उभ्याउभ्या भाताबरोबर चहाचा कप येतो कारण चारला पुन्हा कामाला लागायचं असतं. शोषणाचं शास्त्र मला या जागी सगळ्यात जास्त बोलतं.

बदल होतो हेही पाहिलेलं आहे. इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेने काढलेल्या, जास्त लोह असलेल्या बाजरीच्या, म्हणजे आपल्याकडे 'धनशक्ती' नावाने आलेल्या वाणाच्या भाकऱ्या महाराष्ट्रातल्या निवासी शाळेतल्या १२ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना काही महिने रोज खायला दिल्या. २०१५ साली निकाल छापून आले: साध्या बाजरीच्या तुलनेत या भाकरीने लोहाची स्थिती लक्षणीय सुधारली, आणि आधी ज्यांना लोह कमी होतं त्यांना जास्त फायदा झाला. बाजरीतही फायटेट असतं, तरी रोजच्या भाकरीतून पुरेसं उतरलं. कुणाचं ताट बदलावं लागलं नाही.

एवढं वाचून पालक किंवा डाळ सोडू नये. पालकातलं फोलेट आहे, के जीवनसत्त्व आहे. सतत शाकाहार करणाऱ्याचं शरीरही काही प्रमाणात जुळवून घेतं. एकेका घासाचा हिशेब ठेवत जेवायला बसलं तर जेवणातला आनंद जाईल, आणि तो जायला मला नको आहे.

ताई आता आल्या की आमच्याकडे आधी जेवण वाढलं जातं, लिंबाची फोड त्यांच्या ताटात पहिल्यांदा पडते, आणि चहा त्या निघायच्या वेळेला होतो. मागच्या तपासणीत हिमोग्लोबिन दहाच्या वर गेलं होतं. त्या आणखी काही घरी कामाला जातात आणि तिथे पोळ्या लाटतानाच चहा हातात येतो. नको म्हटलं तर बरं दिसत नाही, असं त्यांना वाटतं. मी त्यांच्या परवानगीने त्या घरांतल्या बायकांशी बोलायला सुरुवात केली आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू लगेच म्हणाल्या, "अगं, मग मीही चहा उशिरा घेते, माझंही हिमोग्लोबिन दहाच आहे." बाकीच्यांकडे या रविवारी जायचं आहे.